पट्टीवरची बारीक अक्षरे



मडके आणायला निघालात तर आजी बजावून सांगते, "नीट वाजवून घे हो." आंबा घेताना आपण तो देठापाशी हुंगतो. भेंडीचे टोक मोडून पाहतो, नारळ कानाशी धरून हलवतो. बाजारातल्या बहुतेक वस्तूंची परीक्षा आपण अशी आपल्या इंद्रियांनीच करत असतो आणि बहुधा फसत नाही.

आता समजा, घरात धाकट्या भावाला ताप भरला आहे. वडिलांनी डॉक्टरांची चिठ्ठी तुमच्या हाती दिली आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात पिटाळले. दुकानदाराने चिठ्ठी वाचली, फळीवरून एक पट्टी व एक बाटली काढली, बिल केले आणि पिशवी तुमच्या हाती ठेवली. दोन मिनिटांत काम झाले. पण या गोळीची परीक्षा तुम्ही कशी करणार? ती वाजवून पाहाल, की हुंगून? पांढरी गोळी औषधाची असो वा नुसत्या खडूची, डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसणार. डोळे, नाक आणि जीभ येथे पार निरुपयोगी ठरतात. शिवाय खराब आंबा निघाला तर पन्नास रुपये गेले म्हणून आपण हळहळतो. खराब औषधाने जीव जाऊ शकतो.

जी परीक्षा गिऱ्हाइकाला करता येत नाही, ती त्याच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी आधीच करून ठेवली पाहिजे. त्या परीक्षेचा निकाल पट्टीवरच्या बारीक अक्षरांत छापलेला असतो. आज आपण तो वाचायला शिकू.

सारखे दिसते म्हणून सारखे नसते

आधी ही परीक्षा हवीच कशाला, ते पाहू.

१९३७ साली अमेरिकेत सल्फानिलमाइड नावाचे एक गुणकारी औषध मिळत असे. ते गोळीच्या रूपात होते. मुलांना देणे सोपे जावे म्हणून एका कारखान्याने ते पातळ करायचे ठरवले. पण हे औषध पाण्यात नीट विरघळेना. तेव्हा त्यांनी ते डायएथिलीन ग्लायकॉल नावाच्या गोडसर द्रवात विरघळवले, त्याला रंग व स्वाद दिला आणि बाटल्या बाजारात धाडल्या. हा द्रव मूत्रपिंडे निकामी करतो. विकण्यापूर्वी औषधाची विषारीपणासाठी तपासणी केलीच पाहिजे, असा कायदा तेव्हा तेथे नव्हता. त्या औषधाने शंभराहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत बरीच मुले होती. सरकारने खटला भरायचे ठरवले, तर एकच कलम हाती लागले. बाटलीवर 'एलिक्सिर' असा शब्द होता, त्याचा अर्थ अल्कोहोलमध्ये बनवलेले औषध, आणि यात तर अल्कोहोल नव्हते! म्हणजे गुन्हा ठरला तो चुकीच्या नावाचा. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, अमेरिकेने नवा कडक कायदा केला.

आपल्या देशात १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी समिती नेमली गेली होती. बाजारातल्या भेसळीच्या आणि कमअस्सल औषधांचा तिने अभ्यास केला आणि १९३१ मध्ये अहवाल दिला. त्यातून पुढे १९४० चा औषध कायदा आला आणि १९४५ चे नियम आले. औषधाचे दुकान आजही याच कायद्याच्या चौकटीत चालते.

पण कायदा झाला म्हणून धोका टळतोच असे नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांना ग्लिसरीन देण्यात आले होते. मेंदूवरचा किंवा डोळ्यांतला दाब उतरवण्यासाठी ते पोटात देत असत. त्या ग्लिसरिनमध्ये तेच डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. १४ रुग्णांचा मृत्यू झाला. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली, तेव्हा दिसून आले की दोष एकाच माणसाचा नव्हता. माल पुरवणारा, तो विकत घेणारा, तपासणारा आणि या सर्वांवर देखरेख ठेवणारा, अशी साखळीतली एकामागून एक कडी निसटत गेली होती.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावली. औषधाचा नमुना तपासला तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. मर्यादा आहे ०.१ टक्क्याची. भागाकार तुम्हीच करा: मर्यादेच्या ४८६ पट!

येथे तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. ग्लिसरीन आणि डायएथिलीन ग्लायकॉल हे दोन वेगळे पदार्थ आहेत, तर ते ओळखता येत नाहीत? दोन्ही द्रव रंगहीन, दाट आणि गोडसर. पण घनता वेगळी आहे: ग्लिसरिनची दर घन सेंटिमीटरला सुमारे १.२६ ग्रॅम, तर दुसऱ्याची सुमारे १.१२ ग्रॅम. मग घनता मापली की झाले!

नाही, तेवढ्याने भागत नाही. शुद्ध ग्लिसरिनमध्ये जवळजवळ त्याच्याच वजनाइतके पाणी घातले, तर त्या मिश्रणाची घनताही १.१२ च्या आसपास येते. म्हणजे घनतामापक पाणी मिसळलेल्या निरुपद्रवी ग्लिसरिनला आणि विषाला एकच आकडा दाखवील. एका गुणधर्माची साक्ष पदार्थ ओळखायला पुरत नाही. म्हणून प्रयोगशाळेत वायू-वर्णलेखनासारख्या पद्धतीने मिश्रणातील घटक वेगवेगळे करून प्रत्येकाचे प्रमाण मोजतात. तपासणी कोणती करायची, कशी करायची आणि कोणत्या आकड्यापर्यंत चालेल, हे सर्व आधी लिहून ठेवावे लागते. यालाच प्रमाणके म्हणतात.

पट्टी वाचूया

आता घरातली गोळ्यांची एखादी पट्टी आणा. वाचायची फक्त, उघडायची नाही, बरे का!

पहिली ओळ औषधाच्या मूळ नावाची. 'पॅरासिटामॉल टॅब्लेट्स आय. पी.' असे काहीसे असेल. कंपनीने दिलेले आकर्षक नाव मोठ्या अक्षरांत असले, तरी औषध ओळखायचे ते या मूळ नावाने. दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्यांत मूळ औषध एकच असू शकते. हे न कळल्यामुळे एकच औषध दुप्पट घेतले जाते, ही घराघरांत होणारी चूक आहे.

'आय. पी.' म्हणजे इंडियन फार्माकोपिया, आपला भारतीय औषधकोश. त्याची पहिली आवृत्ती १९५५ साली निघाली. या कोशात प्रत्येक औषधाची ओळख कशी पटवायची, त्यात औषध किती असावे, अशुद्धी किती चालेल, हे दिलेले असते. पट्टीवर ही अक्षरे छापली म्हणजे "या कोशातल्या कसोट्यांना माझे औषध उतरते," असे कारखान्याने लिहून दिल्यासारखे होते.

मग बॅच नंबर. दिवाळीत आई चकल्या तळते, तेव्हा एका वेळी कढईत सोडलेल्या चकल्यांना आपण एक घाणा म्हणतो. एक घाणा करपला, तर बाकीचे टाकून द्यावे लागत नाहीत. बॅच म्हणजे औषधाचा घाणाच. एका बॅचमध्ये दोष निघाला, तर तो नंबर जाहीर होतो आणि गावोगावच्या दुकानांतून नेमका तोच माल परत बोलावता येतो. म्हणून दुकानाच्या बिलावरही हा नंबर लिहिलेला असावा लागतो. बिल नसेल तर ही साखळी तुमच्या दारात येऊन तुटते.

त्यानंतर बनवल्याची तारीख व मुदत संपण्याची तारीख. मुदत महिना आणि वर्ष अशी दिली असेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध वापरता येते.

पट्टीच्या डाव्या बाजूला उभी लाल रेघ दिसते का? इंग्रजी आर अक्षराच्या पायावर काट मारलेली खूणही दिसेल. हे औषध 'एच' परिशिष्टातले आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. २०१४ पासून 'एच १' नावाचे आणखी कडक परिशिष्ट लागू झाले. काही प्रभावी प्रतिजैविके, क्षयावरची औषधे आणि सवय लावणारी काही औषधे त्यात आहेत. ती विकताना दुकानदाराला वेगळ्या नोंदवहीत डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि नग लिहावे लागतात, आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. प्रतिजैविके वाटेल तशी घेतली, तर जंतूंना त्यांची सवय होते आणि खरी गरज पडते तेव्हा औषध लागू पडत नाही. म्हणजे ही वही एका गिऱ्हाइकापुरती नसून साऱ्या गावाच्या भल्यासाठी आहे.

२०२३ च्या ऑगस्टपासून खूप खपणाऱ्या ३०० औषधांच्या वेष्टनांवर चौकटी-चौकटींचा क्यूआर कोडही आला आहे. मोबाइलवर तो वाचला की नाव, बॅच, तारखा ही माहिती समोर येते. ती छापील माहितीशी जुळते का, ते पाहायचे.

गोळीची परीक्षा

शाळेत तुमची चाचणी परीक्षा होते, तशा गोळीच्याही अनेक चाचण्या होतात. त्यांतल्या तीन पाहू.

पहिली वजनाची. एका बॅचमधल्या २० गोळ्या एकेक करून संवेदनशील तराजूवर तोलतात आणि सरासरी काढतात. सरासरी वजन २५० मिलिग्रॅम किंवा अधिक असेल, तर २० पैकी फार तर दोन गोळ्या सरासरीपासून ५ टक्क्यांहून अधिक ढळलेल्या चालतात. १० टक्क्यांहून अधिक ढळलेली एकही चालत नाही. ८० मिलिग्रॅमपर्यंतच्या चिमुकल्या गोळ्यांना ५ ऐवजी १० टक्क्यांची सूट असते. लहान वस्तू मोजताना सापेक्ष त्रुटी मोठी असते, हे तुम्ही भौतिकशास्त्राच्या तासाला शिकला आहात. तेच तत्त्व येथे नियमात उतरले आहे.

दुसरी फुटण्याची. गोळी पोटात गेल्यावर विरघळली नाही तर तिचा उपयोग काय? म्हणून तळाला जाळी असलेल्या सहा काचनळ्यांत सहा गोळ्या टाकतात आणि त्या नळ्या ३७ अंश सेल्सियसच्या पाण्यात वर-खाली करतात. ३७ अंशच का, हे सांगायला नकोच. साध्या, वेष्टन नसलेल्या गोळ्या १५ मिनिटांत फुटून जाळीतून निघून गेल्या पाहिजेत.

तिसरी सर्वांत महत्त्वाची, आतल्या औषधाच्या प्रमाणाची. वजन बरोबर असले तरी त्यात भुकटी जास्त आणि औषध कमी असू शकते. पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्यांत नोंदलेल्या प्रमाणाच्या ९५ ते १०५ टक्के औषध असावे लागते. म्हणजे सरासरी ४७५ ते ५२५ मिलिग्रॅम.

तीन शत्रू: उष्णता, प्रकाश, ओलावा

परीक्षेत उत्तीर्ण झालेली गोळी कारखान्यातून निघाली. पुढे ट्रक, गोदाम, दुकान आणि शेवटी आपले कपाट असा तिचा प्रवास. या वाटेवर तिचे तीन शत्रू टपलेले असतात.

पहिला शत्रू उष्णता. औषधाचे रेणू हळूहळू मोडतात, ही एक रासायनिक क्रिया आहे. रेणू मोडायला त्याला काही किमान ऊर्जा मिळावी लागते. तापमान वाढले की एवढी ऊर्जा असलेल्या रेणूंची संख्या झपाट्याने वाढते. स्वीडनचे शास्त्रज्ञ अऱ्हेनियस यांनी १८८९ साली याचे गणित मांडले. ढोबळ अंदाज असा, की तापमान १० अंशांनी वाढले तर अनेक क्रियांचा वेग निदान दुप्पट होतो.

वैशाखात जळगाव-नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. २५ अंशांवर ठेवलेल्या औषधाच्या मानाने ४५ अंशांवर ते २ × २, म्हणजे चौपट वेगाने बिघडेल. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तापमान ५५ अंशांवर गेले, तर वेग २ × २ × २, म्हणजे आठपट! प्रत्येक औषधाचा आकडा वेगळा असतो, पण दिशा हीच. आता पट्टीवरचे 'थंड व कोरड्या जागी ठेवा' हे वाक्य पुन्हा वाचा. मुदतीची तारीख या वाक्याला जोडलेली आहे. वाक्य पाळले नाही, तर तारखेला अर्थ राहत नाही.

दोन-तीन वर्षांची मुदत कारखाना ठरवतो कशी, तर याच नियमाचा आधार घेऊन. औषध ४० अंश सेल्सियस तापमानात व ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून मुद्दाम लवकर 'म्हातारे' करतात आणि ते किती टिकते ते पाहतात. त्याच्या जोडीला नेहमीच्या तापमानात दीर्घकाळ ठेवूनही तपासणी चालूच असते.

दुसरा शत्रू प्रकाश. प्रकाशाच्या प्रत्येक पुंजात ऊर्जा असते आणि कंपनसंख्या जितकी जास्त तितकी ही ऊर्जा जास्त. तांबड्या प्रकाशापेक्षा जांभळ्या व अतिनील किरणांचे पुंज अधिक जोरकस असतात, आणि काही औषधांच्या रेणूंना ते मोडून टाकतात. म्हणून अशा औषधांच्या बाटल्या तपकिरी काचेच्या करतात. ती काच जांभळे व अतिनील किरण अडवते, पण पिवळा-तांबडा प्रकाश आत जाऊ देते. त्यामुळे बाटलीत औषध किती उरले तेही दिसते.

तिसरा शत्रू ओलावा. अॅस्पिरिनला पाण्याचा अंश मिळाला की ते हळूहळू सॅलिसिलिक आम्ल व अॅसेटिक आम्ल यांत मोडते. अॅसेटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरचे आम्ल. जुन्या अॅस्पिरिनच्या बाटलीला आंबूस वास आला, तर समजावे की औषध मोडू लागले आहे. येथे मात्र नाक उपयोगी पडले! ओलावा दूर ठेवण्यासाठी अॅल्युमिनियमची पट्टी असते आणि बाटलीत सिलिका जेलची पुडी असते. ती पुडी खायची नाही आणि औषध संपेपर्यंत फेकायचीही नाही. स्वयंपाकघरात शेगडीजवळ किंवा न्हाणीघरात औषधे ठेवू नयेत, याचेही हेच कारण आहे.

अति थंडही नको

हे सारे वाचून तुम्ही म्हणाल, मग सर्व औषधे बर्फातच ठेवावीत! मीही एकदा असेच म्हणालो होतो. काही वर्षांपूर्वी माझ्या आईला इन्शुलिन सुरू झाले. जितके थंड तितके टिकाऊ, असा हिशेब करून मी ती कुपी बर्फाच्या कप्प्यात ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी ती गोठली होती. वितळवल्यावर ती पूर्वीसारखीच दिसू लागली. तरी शंका आली म्हणून दुकानात घेऊन गेलो. तेथील फार्मासिस्ट म्हणाले, "सर, ही टाकून द्या. एकदा गोठलेले इन्शुलिन पुन्हा वापरायचे नाही. दिसायला ठीक दिसले तरी त्याच्या मात्रेचा भरवसा धरता येत नाही." भौतिकशास्त्र मी शिकवतो, पण त्या दिवशी धडा मला त्यांनी दिला.

कारण असे: गोठताना पाण्याचे स्फटिक होतात, आणि पाण्यात विखुरलेले पदार्थ मधल्या फटींत दाटीवाटीने ढकलले जातात. इन्शुलिनसारखे नाजूक प्रथिन त्या गर्दीत एकमेकांना चिकटते आणि आपला आकार गमावते. प्रथिनाचे काम त्याच्या आकारावर अवलंबून असते. बर्फ वितळले तरी बिघडलेला आकार परत येतोच असे नाही. धनुर्वात, डांग्या खोकला यांच्या लसींत अॅल्युमिनियमच्या क्षाराचे अतिसूक्ष्म कण असतात. गोठल्यावर त्यांच्या गुठळ्या होतात आणि कुपी हलवून ठेवली की त्या भराभर तळाशी बसतात. हलवून पाहण्याच्या चाचणीने आरोग्य कर्मचारी अशी लस ओळखतात.

म्हणून इन्शुलिन व अनेक लसी २ ते ८ अंश सेल्सियस या अरुंद पट्ट्यात ठेवायच्या असतात. अशी औषधे विकणाऱ्या दुकानात शीतकपाट तर हवेच, पण आत तापमापकही हवा आणि आकडा रोज लिहून ठेवलेला हवा. कपाटाच्या दारात औषध ठेवायचे नाही, कारण दार उघडले की गरम हवा प्रथम तेथेच येते; आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नाही. मधला खण सर्वांत चांगला.

फळ्यांच्या मागची शिस्त

आता दुकानाकडे नव्या नजरेने पाहा. भिंतीवर परवाना लावलेला दिसेल. तेथे नोंदणीकृत फार्मासिस्ट असावा लागतो आणि चिठ्ठीवरची औषधे त्याच्या देखरेखीखालीच दिली गेली पाहिजेत. १९४८ च्या फार्मसी कायद्याने त्याच्या शिक्षणाची व नोंदणीची व्यवस्था केली. किरकोळ विक्रीच्या दुकानाला निदान १० चौरस मीटर जागा हवी, असाही नियम आहे. मुदत संपलेला माल विक्रीच्या मालापासून वेगळा ठेवावा लागतो.

चांगला दुकानदार आणखी एक शिस्त पाळतो. ज्याची मुदत आधी संपणार ते फळीवर पुढे, मागाहून संपणार ते मागे. मिळत्याजुळत्या नावांची औषधे तो शेजारी-शेजारी ठेवत नाही. घाईत एका अक्षराची गफलत झाली, तरी रक्तदाबाच्या जागी मधुमेहाची गोळी हाती पडायची! म्हणून औषध देताना नाव, मात्रा व मुदत चिठ्ठीशी पुन्हा ताडून पाहणारा फार्मासिस्ट वेळ घालवतो असे समजू नका. तो तुमचे रक्षण करतो आहे.

या सर्वांवर नजर ठेवायला राज्यात अन्न व औषध प्रशासन आहे. त्याचे औषध निरीक्षक दुकानातून नमुना घेतात, तेव्हा तो साधारणपणे चार भागांत वाटून मोहोरबंद करतात. एक भाग सरकारी विश्लेषकाकडे तपासणीला जातो, एक न्यायालयासाठी राखून ठेवतात, एक दुकानदाराला परत देतात आणि एक माल जेथून आला त्याला मिळतो. किती शास्त्रशुद्ध पद्धत आहे पाहा! उद्या कोणी म्हणाले, "तपासणीच चुकली", तर तोच नमुना दुसऱ्यांदा तपासता येतो. शास्त्रात एकदा केलेला प्रयोग दुसऱ्याला पडताळता आला पाहिजे, हे तत्त्व कायद्याने येथे जसेच्या तसे उचलले आहे.

आणि ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते: विकत घेतलेल्या औषधाबद्दल संशय आला, तर कोणताही नागरिक ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून ते तपासून घेऊ शकतो. कायद्याने तसा हक्क दिलेला आहे.

चमच्याचा प्रयोग

साखळीतली शेवटची कडी म्हणजे आपले घर. ती किती भक्कम आहे, ते पाहायला एक सोपा प्रयोग करा.

औषधाच्या बाटलीबरोबर येणारे, खुणा केलेले प्लॅस्टिकचे मोजपात्र स्वच्छ धुऊन घ्या. आता घरातले वेगवेगळे चमचे जमवा: चहाचा, पोह्यांचा, मसाल्याच्या डब्यातला. प्रत्येक चमचा पाण्याने काठोकाठ भरून दहा वेळा मोजपात्रात ओता, भरले की रिकामे करत जा आणि एकूण मिलिलिटर टिपून ठेवा. त्याला दहाने भागा. दहा वेळा का? एका वेळच्या मापातली चूक सरासरीत कमी होते म्हणून. डॉक्टरांचा 'एक चमचा' म्हणजे ५ मिलिलिटर. तुमचा कोणता चमचा त्याच्या जवळ येतो? ३ मिलिलिटरचा चमचा निघाला, तर रोग्याला औषधाच्या ६० टक्केच मात्रा मिळणार. ८ चा निघाला, तर १६० टक्के. कारखान्याने ५ टक्क्यांच्या आत सांभाळलेले प्रमाण आपण स्वयंपाकघरात असे उधळून लावतो! लहान मुलाच्या बाबतीत हा फरक साधा नाही.

दुसरा प्रयोग तापमानाचा. खोलीचे तापमान मोजणारा तापमापक मिळाला, तर उन्हाळ्याच्या एका दुपारी तो औषधे ठेवण्याच्या जागी अर्धा तास ठेवा आणि आकडा पट्टीवरच्या सूचनेशी ताडून पाहा. सूचनेत ३० अंशांच्या खाली असे लिहिले असेल आणि पारा ३८ वर असेल, तर त्या दिवसापासून औषधांची जागा बदला. मात्र तापाचा तापमापक यासाठी वापरू नका. तो वेगळ्या कामासाठी बनवलेला असतो.

पुढच्या खेपेला चिठ्ठी घेऊन दुकानात जाल, तेव्हा पिशवी घेऊन लगेच पळू नका. पट्टीवरचे मूळ नाव चिठ्ठीशी जुळते का, मुदत उरली आहे का, बाटलीचे सील शाबूत आहे का, बिलावरचा बॅच नंबर पट्टीवरच्या नंबराशी जुळतो का, आणि हे औषध घरी कोठे ठेवायचे, एवढ्या पाच गोष्टी पाहा किंवा विचारा. विचारताना संकोच वाटू देऊ नका. चांगला फार्मासिस्ट अशा प्रश्नाने रागावत नाही. उलट त्याला बरेच वाटते.

मडके वाजवून घ्यायला आजीने शिकवले. औषधाची पट्टी वाचून घ्यायला आता तुम्ही आजीला शिकवा. तिचा चष्मा तेवढा जवळ ठेवा, कारण अक्षरे खरोखरच फार बारीक असतात!